स्टेराईल रूमचं काम कॅनडात मिळेल का, आणि नागपुरातून काय शिकून निघायचं

तू विचारलंस ते थोडक्यात असं, की बीफार्म झालंय, रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करून राहिली आहेस, कॅनडाचं जवळपास ठरलंय, आणि तिकडे इंजेक्शनं तयार करायच्या स्टेराईल रूममध्ये काम मिळतं असं कोणीतरी सांगितलं, तर ते जमेल का आणि निघायच्या आधी त्याचा एखादा कोर्स करून घेऊ का ताई.

कोर्सचं आधी सांगते. नको करू. वीकेंडला पीपीटी दाखवून सर्टिफिकेट देणारे बरेच आहेत, फी पण दणकून घेतात, पण इथलं, म्हणजे कॅनडातलं, हॉस्पिटल ते कागद बघतसुद्धा नाही. ते स्वतः शिकवतात, स्वतः परीक्षा घेतात आणि पास झाल्याशिवाय हूडमध्ये, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कामाच्या पेटीत, हात घालू देत नाहीत. तो पैसा पीईबीसीच्या, म्हणजे इथे फार्मसिस्टची परीक्षा घेणाऱ्या बोर्डाच्या, फीसाठी ठेव, ती काही कमी नाही.

आता कामाचं. इथे हुडाखाली बसून औषध भरायचं काम मुख्यतः फार्मसी टेक्निशियन करतात, फार्मसिस्ट ऑर्डर तपासतो, डोस बघतो, काही अडलं तर निर्णय देतो. टेक्निशियन हा इथे बहुतेक प्रांतांत वेगळा लायसन्सचा व्यवसाय आहे, आपल्याकडच्या डीफार्मसारखा नाही, आणि त्याच्या खाली असिस्टंट असतात ज्यांना लायसन्स लागत नाही. फार्मसिस्ट व्हायचं तर पीईबीसीकडे कागद तपासून घेणं, मग इव्हॅल्युएटिंग एक्झाम, मग क्वालिफाइंग एक्झाम म्हणजे एमसीक्यू आणि ओस्की (खोट्या पेशंटसमोर करून दाखवायची परीक्षा), आणि ज्या प्रांतात राहशील तिथलं ट्रेनिंग वेगळं. यात वेळ जातोच, तोवर बरेच जण असिस्टंट म्हणून लागतात. बीफार्म करून असिस्टंट कशाला, असं घरचे म्हणतील, म्हणू दे. हॉस्पिटलच्या आत पाय टाकायला त्याच्याइतका चांगला रस्ता मला तरी दिसला नाही.

काम नेमकं काय, तर आपल्याकडे वॉर्डात सिस्टर ट्रॉलीवर शिशी फोडते आणि सलाईनमध्ये सोडते ना, त्यातलं बरंचसं इथे फार्मसीत तयार होऊन लेबल लावून वॉर्डात जातं. आयसीयूची इन्फ्युजन, लहान बाळांचे डोस, टीपीएन म्हणजे शिरेतून द्यायचं पोषण, केमो. केमोची खोली वेगळी असते कारण तिथे औषधापासून आपल्यालाही वाचायचं असतं, म्हणून तिथलं प्रेशर निगेटिव्ह, आणि साध्या स्टेराईल रूमचं पॉझिटिव्ह, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर ढकलली जाते, आत येत नाही.

इतकं कडक काहून, तर 2012 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका कंपाउंडिंग फार्मसीतून, म्हणजे औषधं स्वतः तयार करून देणाऱ्या फार्मसीतून, स्टेरॉइडची इंजेक्शनं गेली, पाठीच्या दुखण्यावर देतात ती, त्यात बुरशी होती. 750 च्या वर लोक आजारी पडले, 60 च्या वर गेले. गोळीत चुकून जंतू गेले तर पोटातलं ॲसिड आहे, आतडं आहे, इंजेक्शनला मध्ये काहीच आडवं येत नाही, थेट रक्तात किंवा मणक्यापाशी. त्याच्यानंतर अख्ख्या उत्तर अमेरिकेत या कामाकडे बघायची नजर बदलली.

आणि खरी गोष्ट ही आहे की त्या खोलीत सगळ्यात घाण वस्तू म्हणजे आपण. एचईपीए फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवतो, हूडच्या आतली हवा आयएसओ 5 (आकडा जितका लहान तितकी हवा स्वच्छ), बाहेर खोलीत 7, अँटीरूममध्ये म्हणजे तयारी करायच्या बाहेरच्या खोलीत 8, हे सगळं तयारच असतं. पण आपल्या कातडीचे कण सारखे गळत असतात, आपण बोलतो, शिंकतो. म्हणून काजळ नाही, टिकली नाही, पावडर नाही, नेलपॉलिश नाही, बांगड्या अंगठ्या सगळं बाहेर, मंगळसूत्र पण. लग्न झालेल्या मुलींना पहिल्या दिवशी जड जातं, घरी आधीच सांगून ठेव म्हणजे व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी गळा रिकामा पाहिला की विषय निघणार नाही. सर्दी झाली, हातावर पुरळ आलं तर लपवायचं नाही, सुपरवायझरला सांगायचं, ती दुसरं काम देते. मी विनिपेगला आहे, इथे हिवाळ्यात उणे तीस होतं आणि हवा इतकी कोरडी की धुवून धुवून बोटांना भेगा पडतात, ड्यूटी संपल्यावर क्रीम लावत जा, भेगाळलेला हात आत चालत नाही.

आत जायचा क्रम असा, अँटीरूममध्ये जमिनीवर रेघ असते, एका पायात शू कव्हर घालून तो पाय रेघेपलीकडे टेकवायचा, मग दुसरा. मग टोपी, मास्क, नखांखालून साफ करून कोपरापर्यंत कमीत कमी 30 सेकंद हात धुणं, गाऊन, आत गेल्यावर अल्कोहोलचं हँड रब, मग स्टेराईल ग्लोव्ह्ज, आणि त्याच्यावर स्टेराईल 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. 70 काहून, 100 काहून नाही, तर पाणी असल्याशिवाय ते जंतूच्या प्रोटीनवर नीट काम करत नाही आणि लवकर उडून जातं. व्हायलचं रबर पुसलं की ते सुकेपर्यंत थांबायचं, फुंकर मारायची नाही, हात हलवून वाळवायचं नाही. नवीन पोरं सगळ्यात जास्त इथेच घाई करतात.

हूडचं मुख्य म्हणजे फर्स्ट एअर. फिल्टरमधून निघालेली हवा सरळ सुई आणि रबरावर आली पाहिजे, मध्ये काही नको. मेमध्ये हॉलमधल्या कूलरसमोर कोणी येऊन उभं राहिलं की मागच्याला वारा नाही, त्याच्या घामाचा वास येतो, तसंच. समोरून वारा येणाऱ्या हूडमध्ये व्हायलच्या मागे हात गेला की तुझ्या ग्लोव्हवरून आलेली हवा सुईला लागते. वरून येणाऱ्या हूडमध्ये हात व्हायलच्या वर जाऊ द्यायचा नाही. काम काठापासून 15 सेंटिमीटर आत. सिरिंजचं टोक आणि दांड्याचा आत जाणारा भाग यांना बोट लागू द्यायचं नाही. व्हायलमध्ये सुई आधी तिरपी टेकवून मग उभी करत घालायची, नाहीतर रबराचा तुकडा कापला जाऊन आत पडतो. ॲम्प्यूल फोडली तर फिल्टर सुईने ओढायचं, काचेसाठी.

परीक्षा दोन. एक, ग्लोव्ह घातलेली बोटं जंतू वाढवायच्या अगार प्लेटवर दाबतात, सुरुवातीला तीनदा, आणि तिन्ही वेळा जंतूंची एकही कॉलनी नको. दुसरी मीडिया फिल, औषधाऐवजी सोयाबीन केसीन मीडियम घेऊन तू नेहमीसारखं सगळं करायचं, मग ते 14 दिवस इन्क्युबेटरमध्ये. गढूळ झालं म्हणजे जंतू वाढले, नापास. तिसऱ्या सेममधला मायक्रोबायोलॉजीचा लॅमिनार एअरफ्लो आणि स्टेरिलिटी टेस्ट आठवतंय ना, जो आपण व्हायव्हासाठी घोकला होता, तो पुन्हा वाच, यावेळी समजून.

निघायच्या आधी नागपुरात करण्यासारखं हे आहे. जिथे केमो बनते अशा ठिकाणी कोणी ओळखीचं असेल तर काचेबाहेरून का होईना बघून ये. घरी नव्या सिरिंजा आणि पाण्याच्या व्हायल घेऊन रबर आणि टोकाला हात न लावता काढायची सवय कर, हात हळू चालवायची सवय कर, आपल्याकडे फटाफट करणारा हुशार समजतात, इथे वेगाने हललेला हात हवा फाडतो. आणि वॉर्डात व्हायलला सुई टोचून ठेवतात, पुढच्या डोसला सोपं पडतं म्हणून, ते तुझ्या डोळ्यांना चालत असेल तर ती सवय तिथेच सोडून ये.

गणित पक्कं कर, ते मुलाखतीतसुद्धा विचारतात. 2013 मध्ये कॅनडात सुमारे 1,200 कॅन्सर पेशंटना केमो पातळ मिळाली होती, कारण सलाईनच्या पिशवीत लेबलपेक्षा थोडं जास्त पाणी असतंच आणि ते कोणी धरलं नव्हतं. पीटरबरोच्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीतल्या माणसाला लेबल बघून शंका आली म्हणून ते सापडलं. पिशव्या स्टेराईल असूनही चूक झाली हे लक्षात ठेव. तेव्हा 100 एमएलच्या पिशवीत खरंच किती आहे हा प्रश्न कोणी विचारला तर बावचळू नको.

बाकी कागदांचं लगेच बघ. ट्रान्स्क्रिप्ट थेट विद्यापीठाकडून जावे लागतात, तर आरटीएमएनयूत, म्हणजे आपल्या नागपूर विद्यापीठात, चकरा मारायच्या त्या तू तिथे आहेस तोवरच मार, उन्हाळा लागायच्या आत. आणि मार्कशीट, पासपोर्ट, फार्मसी काउन्सिलचं रजिस्ट्रेशन यात नाव एकसारखं आहे का बघ, वडिलांचं नाव मधे कुठे आहे आणि कुठे नाही यावरूनच जास्त फाइली अडकतात. आयईएल्ट्स दिलीस म्हणालीस, तर कुठल्या प्रांतात जाणार ते ठरलं की मला सांग, तिथली लायसन्सिंगची भाषेची अट वेगळी असू शकते, ती बघून मग पुढचं बोलू.