कुत्र्याने उंदराचं औषध खाल्लं, पण दोन दिवस झाले तरी ठणठणीत आहे. डॉक्टरांकडे न्यायचं का?

हो, आजच न्या. ब्रोमॅडिओलोनची (उंदराच्या औषधातलं, रक्त गोठू न देणारं विष) वडी पोटात गेली तरी कुत्रा पहिले दोन-तीन दिवस खातो, खेळतो. हे विष यकृतात के जीवनसत्त्व पुन्हा वापरात येऊ देत नाही, त्यामुळे रक्त गोठवणारे नवे घटक बनत नाहीत. रक्तात आधीचे गोठवणारे घटक शिल्लक असतात तोवर काहीच दिसत नाही. ते संपले की हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, धाप लागते, कारण रक्त बऱ्याचदा छातीत, आतल्या आत साचतं.

उतारा के-१ जीवनसत्त्वाचाच, के-३ चा नाही. मेडिकलवाल्याने के-३ दिलं तरी घेऊ नका. गोळ्या साधारण ३ ते ४ आठवडे, जेवणासोबत. कुत्रा बरा दिसला म्हणून मध्येच थांबवू नका, आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्ताची पीटी तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) कराच. डॉक्टरांकडे जाताना उंदराच्या औषधाचं पाकीट सोबत न्या. त्यावर झिंक फॉस्फाइड (उंदरांसाठीचं दुसरं विष) लिहिलं असेल तर उपचार पूर्ण वेगळे.