कथेतला ‘मी’ कोण : लेखक, निवेदक की सूत्रधार?

नाशिकच्या गंगापूर रोडवरल्या एका वाचनगटातून विचारणा आली आहे. एकाच कथेवर टिपण लिहिताना एकाने ‘लेखक म्हणतो’ लिहिलं, दुसरीने ‘निवेदक म्हणतो’, तिसऱ्याने ‘सूत्रधार’. बरोबर कोण? आणि निवेदक म्हणजे कालिदास कलामंदिरात माइकवर पाहुण्यांची ओळख करून देणारे ना?

दुसरीचं बरोबर. समीक्षेत गोष्ट सांगणाऱ्या आवाजाला निवेदकच म्हणतात. ‘निवेदन’ शब्द बराच राबलेला आहे. मोर्चेकरी जिल्हाधिकाऱ्यांना देतात ते निवेदन, आणि देवापुढचा नैवेद्यही त्याच कुळातला. समोर ठेवणं, कळवणं हा मूळ अर्थ. माइकवालेही कळवतातच, म्हणून तेही निवेदक.

खरा घोळ ‘लेखक’ आणि ‘निवेदक’ यांत होतो, आणि मराठी माणसाचा तो व्हावा याचं मला नवल वाटतं. पंचवटीत कीर्तनकारबुवा उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान लावतात : ‘शूर्पणखा रामाला म्हणाली, मी तुझ्याशी लग्न करते.’ बुवांच्या तोंडून ‘मी’ आलं म्हणून कुणी दचकत नाही. दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचा ‘मी’ आपण सर्रास तसाच ठेवतो. ‘बाबा म्हणाले मी उशिरा येईन’ यातला मी म्हणजे बाबा, हे शाळकरी पोरालाही कळतं. मग छापील कथेतला ‘मी’ तेवढा लेखकाच्या गळ्यात का बांधायचा?

‘मी’ नसला तरी निवेदक असतोच. ही दोन वाक्यं पाहा :

‘गोदावरीची पातळी सायंकाळी वाढली.’

‘गंगेला पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हणे.’

घटना एकच. पहिला आवाज कुठलाही, बातमीतला असावा तसा. दुसरा पक्का नाशिककर : गोदावरीला गंगा म्हणतो, पूर घाटावरच्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. शिवाय ‘म्हणे’ने सांगून टाकतो की तो स्वतः घाटावर गेलेला नाही, ऐकीव सांगतोय. (या दोन अक्षरी ‘म्हणे’वर स्वतंत्र लिहायला हवं.) लिहिणारी बाई जन्मभर नागपुरात राहिलेली असू शकते. गंगा म्हणणारा तिने उभा केलाय. त्याची ऐकीव माहिती खोटी ठरली तर खोटा तो पडेल, बाई नाही.

महाभारतात तर हे आवाज एकात एक बसवलेले आहेत. सौती शौनकादी ऋषींना सांगतो ते वैशंपायनाने जनमेजयाला सांगितलेलं, आणि त्यातलं युद्ध संजय धृतराष्ट्राला सांगतो. कर्ते व्यास स्वतःच कथेत पात्र म्हणून येतात!

सूत्रधार मात्र नाटकाचा. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत तो नटीशी बोलतो, प्रयोग सुरू करून देतो. कथेतला निवेदक पात्रांना असा हाताशी धरून खेळवत असेल, तर लाक्षणिक अर्थाने चालेल. एरवी नको, वर्तमानपत्रांनी त्याला ‘कटाचा मुख्य सूत्रधार’ करून आधीच पुरेसं बदनाम केलंय.

तेव्हा टिपणात ‘निवेदक म्हणतो’ लिहा. ‘लेखकाने शेवट मध्येच तोडला’ असं रचनेबद्दल बोलायचं असेल तिथे लेखक. कार्यक्रमपत्रिकेवर घोळ नको असेल तर माइकवाल्यांना सूत्रसंचालक म्हणा. तो शब्द रुळलेला आहे.