जुन्या गाडीचे पुढचे स्ट्रट आणि स्प्रिंग घरच्या घरी बदलता येतात का?

येतात. पण तुम्ही जे एक काम समजून विचारलंय ती खरं तर दोन कामं आहेत. गाडीतून स्ट्रट, म्हणजे पुढच्या चाकामागचा, स्प्रिंग अंगावर घेऊन उभा असलेला शॉकअप, उतरवणं आणि परत चढवणं हे पहिलं. ते मेहनतीचं आहे, गंजाशी झगडण्याचं आहे, पण थोडीफार हत्यारं असलेल्या कुणालाही जमण्यासारखं आहे. उतरवलेल्या स्ट्रटवरची स्प्रिंग काढून नवीन बसवणं हे दुसरं. इथे चूक झाली तर हात-तोंड फुटू शकतं. माझं मत विचाराल तर पहिलं काम घरी करा आणि दुसऱ्यासाठी दोन्ही स्ट्रट काखोटीला मारून गॅरेजमध्ये न्या. तिथे भिंतीला किंवा स्टँडला पक्का बसवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार, असतो, काम पटकन होतं. तुमच्या गाडीसाठी स्प्रिंग आणि माउंटिंगसकट जोडून तयार असलेला स्ट्रट मिळत असेल तर तोच घ्या, मग प्रश्नच मिटला.

तुम्ही लिहिलंय की खड्ड्यात गाडी पुढून ठकठक वाजते, एका बाजूला बसल्यासारखी दिसते आणि मेकॅनिकने न तपासताच 'स्ट्रट गेले' म्हणून सांगितलं. पैसे घालण्याआधी स्वतः खात्री करून घ्या. लहान लहान खडबडीवर होणारी ठकठक बऱ्याचदा स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक रॉडची, म्हणजे त्याला स्ट्रटशी जोडणाऱ्या छोट्या दांडीची असते, आणि तो बदलणं म्हणजे दोन नटांचं काम. स्ट्रट गेला असेल तर त्याची नळी तेलाने ओली दिसते आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर बसलेला असतो. सीलजवळ किंचित ओलसरपणा असेल तर तेवढ्यावरून तो बाद ठरत नाही. बोनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची पद्धत सगळे सांगतात. पण त्यात पार मेलेला स्ट्रटच पकडला जातो, अर्धा गेलेला पास होतो. त्यापेक्षा टायरवरून तळवा फिरवा. रबर ठिकठिकाणी खोलगट झिजलेलं हाताला लागलं तर स्ट्रटवर संशय घ्यायला जागा आहे.

गाडी एका बाजूला बसलीय, तर स्प्रिंग नीट बघा. स्प्रिंग तुटते ती बहुतेक वेळा खालच्या टोकाच्या वेढ्यात, कारण तिथे चिखल-पाणी साचतं, रंग उडतो आणि गंज धरतो. तुटलेला तुकडा स्प्रिंग जिच्यात बसते त्या खालच्या वाटीतच अडकून राहिला की वरवर पाहणाऱ्याला स्प्रिंग धड वाटते. टॉर्च मारून टोक शोधा. कापल्यासारखं नीट असेल तर ठीक, दातेरी असेल तर तुटलेलंच आहे. आणखी एक तपासणी: गाडी चाकांवर उभी असताना कुणाला तरी स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि स्प्रिंगला बाहेरून बोटांची टोकं लावा. वेढ्यांच्या मध्ये बोट घालायचं नाही. स्प्रिंग अडत अडत, मध्येच 'टंग' करून उडी मारत फिरत असेल तर वरचं बेअरिंग गेलंय.

सामान जोडीने घ्या. एकाच बाजूला नवीन टाकलं तर ब्रेक मारताना आणि वळणावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात. स्ट्रट आणि स्प्रिंगबरोबर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंपस्टॉप (स्ट्रट पूर्ण दाबला गेल्यावर धक्का झेलणारं रबर), धूळ अडवणारं रबरी कव्हर आणि नवीन नट हेही घ्या. जुन्या गाडीत हे रबर हातात घेतलं की चुरा होतं, आणि त्यासाठी पुन्हा सगळं खोलण्यात काही अर्थ नाही. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतात, ते प्रकार ओळखण्यासाठी असतात. काही गाड्यांत डावी-उजवी स्प्रिंगही वेगळी असते. तेव्हा पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

आदल्या दिवशी, आणि जमलं तर त्याच्याही आदल्या दिवशी, सगळ्या नटबोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बाहेर आलेले आटे आधी तारेच्या ब्रशने घासा. आटे घाणीने भरलेले ठेवून नट ओढलात तर अर्ध्यावर येऊन तो चावतो, मग ग्राइंडरशिवाय सुटका नाही.

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना पुढून-मागून अडणी लावा, चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. मग पुढची दोन्ही चाकं उचला. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो आणि लिंक रॉड निघायला त्रास देतो. गाडी जॅकवर ठेवून काम करायचं नाही. सांगितलेल्या जागी स्टँड लावून, हाताने हलवून बघून मगच पुढे.

क्रम असा: ब्रेकच्या नळीचा क्लॅम्प आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा, लिंक रॉड काढा. खालचे दोन मोठे बोल्ट खोलण्याआधी स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) कसे बसलेत त्याची पेंटने रेघ मारून ठेवा. काही गाड्यांत यातला वरचा बोल्ट कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, ठरवतो, त्याचं डोकं कोणत्या कोनात आहे तेही टिपून ठेवा. या बोल्टांच्या दांड्यावर बऱ्याचदा उभ्या रेघा असतात, म्हणून बोल्ट धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा. बोल्ट ठोकून काढायच्या वेळी नट टोकाशी सपाट येईल इतका परत चढवा आणि त्यावर ठोका, म्हणजे आटे चेपणार नाहीत. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडतं. ते लगेच तारेने बांधून ठेवा, नाहीतर सगळा भार ब्रेकच्या नळीवर येतो आणि एक्सलचा आतला जॉइंट निसटू शकतो. काही गाड्यांत दोन बोल्टांऐवजी नकलची पकड असते आणि स्ट्रट त्यात खोचलेला असतो. तिथे फट जराशी रुंद करून नकल खाली उतरवावं लागतं.

वर बोनेटखाली कडेला दोन किंवा तीन लहान नट असतात, ते सगळ्यात शेवटी, खालून स्ट्रट एका हाताने धरून. मधोमध असलेल्या मोठ्या नटाला मात्र हात लावायचा नाही. हे पुन्हा सांगतो, कारण बघताक्षणी तोच आधी खोलावासा वाटतो. चाक हवेत लटकत असलं तरी स्प्रिंग आत दाबलेलीच असते आणि तिला अडवून धरणारा तो एकच नट आहे.

स्प्रिंग तरीही घरीच बदलायची असेल तर कॉम्प्रेसर चांगला, हुकासारखे आकडे बंद होणारा घ्या. दोन्ही आकडे समोरासमोर, शक्य तितके जास्त वेढे पकडून लावा, आटे ग्रीसने माखा आणि हातपान्याने आळीपाळीने थोडं थोडं आवळा. इम्पॅक्ट गन इथे वापरायची नाही. स्प्रिंग दोन्ही वाट्यांमध्ये सैल होऊन हाताने फिरायला लागली की मगच मधला नट, आणि तेव्हाही तोंड स्ट्रटच्या रेषेत नको. दांडा फिरत असेल तर वरच्या खाचेत ॲलन की घालून धरा. चकचकीत दांड्याला पक्कड लावलीत तर ओरखडा उठतो आणि नवं सील काही दिवसांत गळायला लागतं.

नवा स्ट्रट उभा धरून दोन-चार वेळा पूर्ण दाबा आणि सोडा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या पायरीला टेकलंच पाहिजे. थोडं जरी पुढे-मागे राहिलं तरी गाडी चाकांवर आल्यावर ते सरकून 'खट' वाजतं आणि तुम्ही पुन्हा ठकठक शोधत बसता. चढवताना सगळे नट आधी हाताने, मग मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने). अंदाजाने आवळू नका. खालचा रबरी बुश असलेला एखादा आर्म सोडवला असेल तर त्याचा बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो.

मागची बाजू तुम्ही विचारली नाहीत, पण बऱ्याच लहान गाड्यांत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. तिथे बीमला, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईला, जॅकचा आधार देऊन शॉकअप सोडवले आणि बीम हळूहळू खाली घेतला की स्प्रिंग अनेकदा कॉम्प्रेसरशिवायच निघते. ते काम पुढच्यापेक्षा सोपं आहे.

काम झाल्यावर थोडं अंतर चालवून नट पुन्हा तपासा आणि मग चाकांची अलाइनमेंट (कोन जुळवणं) करून घ्या. तुमच्या रेघा कितीही अचूक जुळल्या तरी ही पायरी टाळू नका, कारण त्या बोल्टांच्या भोकातली जराशी ढिलाईसुद्धा कॅम्बर बदलते आणि टायर आतून खाऊन टाकते. नव्या स्प्रिंगांनी गाडीचं तोंड वर उचललं जातं, तेव्हा हेडलाइटचा झोत खाली बसवून घ्या. काढलेल्या जुन्या स्ट्रटमध्ये दाबाखालचा गॅस असू शकतो. तो कापू नका, तापवू नका, तसाच भंगारात द्या आणि देताना सांगून द्या.