पोटातल्या बाळासाठी केलेलं गाणं जन्माआधीच यूट्यूबवर टाकावं का?

टाका. ‘दृष्ट लागेल’ म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा.

तुम्ही लिहिलंय, बायकोला पाचवा महिना आहे, चाल तुम्हीच बांधलीय आणि घरची मोठी माणसं ‘जन्मापर्यंत थांब’ म्हणतायत. आमच्याकडे २०१८ च्या गणपतीत हेच झालं. आम्ही देवगडकडचे. नवरा डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, पखवाज वाजवतो. मला सहावा लागला होता. तपासणीला डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, लावलं तेव्हा डॉक्टरांना विचारून ठोके फोनवर घेतले, मिनिटाला १४४. यांनी घरी येऊन दोन ठोक्यांची एक मात्रा धरली, म्हणजे मिनिटाला ७२, आणि त्यावर भजनी ठेका बसवला. डाव्या पुडीला कणीक नेहमीपेक्षा जास्त लावली, आवाज जाड निघावा म्हणून. ते बरोबरच होतं. गर्भजलातून खालचे, घुमणारे आवाज बाळापर्यंत नीट जातात, झांजेची किणकिण वाटेतच विरते. पेटीवर मी, गायलेही मीच. यूट्यूबवर टाकलेल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये बाळाचे ठोके आहेत, कौलांवरचा पाऊस ऐकू येतो आणि दुसऱ्या कडव्यात मला लागलेली धापसुद्धा.

गणपतीला मुंबईहून आलेल्या यांच्या आत्ये पडवीतूनच म्हणाल्या, “पोटातल्या पोराचो आवाज कोण गावाक आयकवता गो? दिष्ट लागतली.”

सातव्या महिन्याच्या शेवटी ठोके थांबले. नाळेला गाठ पडून ती आवळली होती. डॉक्टरांनी आम्हाला ती दाखवली, करंगळीएवढी. तरी भेटायला आलेल्या आत्यांचं पहिलं वाक्य, “आता तरी ता गाणा काढून टाक.”

मी काढलं नाही. खाली ‘अभिनंदन’ लिहिणारे येतच राहिले, ते सहन होईना म्हणून कमेंट बंद केल्या. पुढच्या पावसाळ्यात फोन भिजून गेला आणि मूळ फाइल त्यातच होती. आज त्या बाळाचे ठोके फक्त त्या एका लिंकवर उरलेत. आत्यांचं ऐकलं असतं तर तेही नसते.

गाठ बाळ पोटात फिरताना पडते, आत्ये. गाण्याने नाही. कोणी ऐकल्यानेही नाही.

तुमचं बाकीचं. चारचौघांत नको असेल तर व्हिडिओ अनलिस्टेड ठेवा, लिंक ज्याच्याकडे असेल तोच ऐकेल. मूळ फाइल मात्र दोन ठिकाणी ठेवा, फोनच्या भरवशावर राहू नका. चाल तुमची असेल तर हक्क रचल्यापासूनच तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. पण कुणाचा कराओके ट्रॅक खाली वापरलात तर यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम येऊ शकतो. बाळ आवाजाला दाद देतं ते साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर. स्पीकर पोटाला टेकवू नका, बायकोने नुसतं गुणगुणलं तरी तिचा आवाज शरीरातून थेट पोचतो. आणि टाकण्याआधी बायकोला विचारा. हे खरं तर मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. तिची इच्छा नसेल तर माझं वरचं सगळं सोडून द्या.

शब्दांत मुलगा धरून चालू नका. आपले पाळणे बहुतेक राम-कृष्णाचेच, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. यांनीही आधी ‘कान्हा’ लिहिलं होतं, मी खोडून ‘बाळा’ केलं. मुलगी होती.