मॅग्नेशियममुळे नैराश्य कमी होतं का? ते मेंदूत नेमकं काय करतं?

मदत होऊ शकते, विशेषतः शरीरात त्याची कमतरता असेल तर. पण चालू औषध बंद करून मॅग्नेशियम घ्या असं कोणी सांगत असेल, तर अजिबात ऐकू नका.

आमच्याच घरात हे घडलंय. धाकट्या बहिणीला नैराश्याची गोळी चालू होती, तिला बरं वाटू लागलं होतं. दादाने मॅग्नेशियमबद्दल कुठेतरी वाचलं आणि ‘नैसर्गिक असताना रसायनं कशाला’ म्हणत तिची गोळी एकदम बंद करायला लावली. तिची झोप उडाली, चक्कर यायची, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके बसायचे. दादाच्या मते शरीर शुद्ध होत होतं! अहो, ही औषध एकाएकी सोडल्याची लक्षणं. शेवटी मीच तिला डॉक्टरांकडे परत नेलं.

दादाचा मुद्दा असा, की मेंदूत ग्लुटामेट या पेशींना चेतवणाऱ्या रसायनाचा एनएमडीए नावाचा रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारं दार असतं आणि मॅग्नेशियमचा आयन (भारित कण) त्याची वाट अडवून बसतो. जोरदार संदेश आला की तो बाजूला होतो आणि कॅल्शियम पेशीत शिरतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर ही वाट सहज उघडते, पेशी नको तेवढी चेतवली जाते. नैराश्यावरही वापरलं जाणारं भुलीचं औषध केटामाइनही हाच रिसेप्टर अडवतं. इथपर्यंत दादाचं बरोबर. पण त्याच जातीचं एस्केटामाइन अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झालं, ते नैराश्याच्या तोंडी औषधाच्या जोडीला. त्याच्या जागी नव्हे; एकट्याने द्यायची मंजुरी थेट 2025 मध्ये मिळाली. शिवाय गिळलेलं मॅग्नेशियम सरसकट मेंदूत पोचत नाही, तिथलं प्रमाण शरीर घट्ट सांभाळतं.

2017 मध्ये सौम्य ते मध्यम नैराश्याच्या 126 जणांवरचा एक अभ्यास आला. सहा आठवडे रोज 248 मिलिग्रॅम दिल्यावर लक्षणं कमी झाली, औषधं चालू असलेल्यांचीही. म्हणजे दोन्ही एकत्र चालतं. मात्र खोटी गोळी देऊन तुलना केली नव्हती, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये.

रक्ततपासणीचं म्हणाल, तर शरीरातलं जेमतेम 1 टक्का मॅग्नेशियम रक्तात असतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कमतरता नाहीच असं होत नाही.

हो, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. थायरॉइडची गोळी आणि हे एका वेळी नको, चार तासांचं अंतर ठेवा. जास्त झालं तर जुलाब होतात. आणि नैराश्याची गोळी सोडायचीच असेल, तर ती डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात. दादाला हे मी तेव्हाही सांगितलं होतं.