चहाच्या डब्यातले पाचशे रुपये

"ऑफिसातल्या माणसाला पैसे उचलताना पाहिलंय. सांगू की गप्प बसू?" हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. शैलाताईंचाही (नाव बदललं आहे) तोच होता. त्या पुण्यात एका खासगी कार्यालयात अकाउंट्सला आहेत. विभागातले सगळे चहा-बिस्किटांसाठी महिन्याला दोनशे रुपये काढतात. ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतात, आणि डब्याच्या कपाटाला किल्ली असून नसल्यासारखी. दिवाळीच्या आधीपासून हिशेबात पैसे कमी भरू लागले. मग एका संध्याकाळी शैलाताईंना दिसलं, त्यांचे सीनियर डब्यातली पाचशेची नोट घडी घालून खिशात टाकत होते. ज्यांनी त्यांना काम शिकवलं, तेच सर.

"पाचशे रुपयांसाठी कुणाची अब्रू का घालवायची, मॅडम?"

संशय कुणावर आहे, मी विचारलं. त्या जरा घुटमळल्या. सफाईच्या मावशींवर. कुणीतरी त्यांची पिशवी तपासायची टूम काढली होती. एकाने तर 'चोर ओळखायला सगळ्यांना मंतरलेले तांदूळ चारू' म्हणून विनोद केला, तेव्हा मावशी तिथेच लादी पुसत होत्या.

म्हणजे पाचशे रुपयांसाठी अब्रू जातच होती, फक्त दुसऱ्याची. गप्प बसलं की आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं वाटतं. पण पैसे हरवले की आळ बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर येतो.

साहेबांकडे लगेच जाऊ नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही, असं मी सांगितलं. आधी सरांनाच एकटं गाठा आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोला. आम्ही तालीम केली. प्रत्येक वेळी त्या शेवटी 'कदाचित माझाच गैरसमज असेल' असं जोडायच्या. ते वाक्य मी काढायला लावलं. गैरसमज नव्हताच.

"उसने घेतले होते, पगार झाला की टाकणार होतो," असं उत्तर येईल, हेही आधीच सांगून ठेवलं. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने अफरातफरीच्या कैद्यांशी बोलून १९५३ मध्ये हेच मांडलं होतं: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी आलेली संधी आणि 'मी चोरत नाही, तात्पुरते वापरतोय' ही मनाची समजूत.

सर आधी भडकले, मग मुलाच्या फीवर आले. शैलाताई विरघळल्या. अडचण खरी असेलही, पण डब्याशेजारी बसलेल्या सहकाऱ्यांकडे उसने मागायला सरांना तोंड होतं की!

"त्यांना तुरुंगात तर नाही ना टाकणार?" ही शैलाताईंची दुसरी भीती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांखालच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने पैसे परत केले, तर समाजसेवेची शिक्षा आहे. मालकाच्या मालावर नोकराने हात मारला तर मात्र कलम ३०६, आणि ते बरंच कडक.

पैसे डब्यात परत आले. सरांनी चहाच्या वेळी, मावशी हजर असताना सांगितलं, "घोळ माझ्याकडून झाला, मावशींचा काही संबंध नाही." शैलाताईंना ही अर्धीच कबुली वाटली. मला चालण्यासारखी वाटली, कारण संशय ज्यांच्यासमोर घेतला त्यांच्यासमोरच तो फिटला. पुन्हा असं दिसलं तर मात्र एकट्यात बोलणं नाही, थेट एचआरला लेखी द्यायचं, एवढं आमचं ठरलंय.