खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडे लावण्यापूर्वी
गोव्यातील लोहखाणीच्या ढिगाऱ्यावर हिरवळ उभी करण्याचे काम तुम्ही हाती घेतलेत, याचा मनापासून आनंद झाला. आरंभी रोपांपेक्षा पाण्याचा विचार करा. कारण पहिल्याच जोरदार सरीत उघडा उतार धुपतो आणि तांबडा गाळ थेट खालच्या भातशेतीत व ओहोळात उतरतो. म्हणून मे संपण्यापूर्वी उताराच्या पायऱ्या, चर आणि गाळ अडवणारी तळी तयार हवीत.

नवखे हमखास दोन चुका करतात:
- वरची सुपीक माती दगडांत मिसळू देतात. ती वेगळी साठवा.
- लवकर हिरवे दिसावे म्हणून केवळ ऑस्ट्रेलियन बाभूळ लावतात. आधी गवत रुजवा, मग स्थानिक झाडे.

खाणीतील पाणी उपसल्याने भोवतालच्या विहिरी खालावतात. त्यांची पातळी पहिल्या दिवसापासून, गावकऱ्यांना सोबत घेऊन नोंदवा. मातीच्या रासायनिक तपासण्यांचे पुढच्या वर्षी पाहू.